अडॅप्टर लावला की काट्याचा आकडा नाचतो: नॉइज, वाय कपॅसिटर आणि बीआयएस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या गाळ्यात १२ व्होल्ट ३ अँपिअरचे अडॅप्टर जोडता. वायफाय राउटरवर, सीसीटीव्हीवर ते बिनतक्रार चालतात. पण निपाणी-चिकोडीकडच्या दूध संकलन केंद्रांत वजनकाट्याला तोच अडॅप्टर लावला की कॅन जागेवर असतानाही आकडा वर-खाली होतो. शेजारच्या घरात कुणी धारवाड आकाशवाणी लावली असेल तर रेडिओत घरघर येते. त्यातच कोल्हापूरचा डीलर म्हणतोय, 'सीई'चा (युरोपातल्या विक्रीसाठी लागणारा) शिक्का मारून द्या, तरच माल उचलतो. तुम्ही विचारलंय की वायरीवर फेराइट (नॉइज अडवणारा चुंबकीय पदार्थाचा मणी) घातला तर भागेल का, आणि सीईचं स्टिकर कुठून मिळवायचं.

थोडक्यात उत्तर असं. फेराइटने काट्याचं थोडंफार सुधारेल, रेडिओची घरघर जाणार नाही. सीईचा शिक्का कुठलंही ऑफिस वाटत नाही, आणि कोल्हापुरात माल विकायला तो लागतही नाही. तिथे लागते ती बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी. पण या दोन प्रश्नांना वेगवेगळं समजून त्यांच्यामागे धावू नका. नॉइज, म्हणजे अडॅप्टरमधून निघणारी विजेची नको असलेली खळबळ, कमी करणारे जे भाग आहेत, त्यातल्याच काहींवर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि सुरक्षेच्या टेस्टमध्ये नेमके तेच तपासले जातात. म्हणून आधी नॉइज मिटवा, डिझाइन पक्कं करा, आणि मगच सॅम्पल लॅबला द्या. उलट केलंत तर टेस्टचे पैसे दोनदा जातील.

तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. बोर्ड तुमचा स्वतःचा आहे की बाजारातून तयार आणून फक्त डब्यात बसवता? प्लग दोन पिनचा की तीन? काट्याचा सांगाडा लोखंडी आहे का, तो ओल्या फरशीवर ठेवलेला असतो का? केंद्रात अर्थिंग खरोखर आहे की सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच आहे? यातल्या प्रत्येक उत्तराने पुढचा थोडाफार हिशोब बदलतो. तरी मूळ कारण बहुतेक वेळा एकच निघतं, ते आधी सांगतो.

तुमचा अडॅप्टर फ्लायबॅक पद्धतीचा असणार, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज उतरवणारा. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. मॉसफेटच्या ड्रेनवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला जोडलेल्या पायावर, दर वेळी काहीशे व्होल्टची उडी पडते, आणि तीसुद्धा शंभरेक नॅनोसेकंदांत. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आणि सेकंडरी वाइंडिंग एकमेकींना तारेने जोडलेली नसली तरी एकमेकींना चिकटून गुंडाळलेली असते, म्हणजे त्यांच्यात आपोआप एक छोटा कपॅसिटर तयार झालेला असतो. तो ५० पिकोफॅरड धरा आणि उडी ४०० व्होल्टची धरा. गुणाकार करून त्याला शंभर नॅनोसेकंदांनी भागून बघा, क्षणभरासाठी ०.२ अँपिअरचा झटका येतो. सर्किट डायग्राममध्ये हा कपॅसिटर कुणी काढत नाही, पण करंट त्यातून जातोच.

आता हा करंट जिथून निघाला तिथे, म्हणजे प्रायमरीकडे, परत जाणारच. जवळची वाट ठेवली असेल तर तो बोर्डवरच्या बोर्डवर फिरून जातो. नसेल तर शेतातल्या पाटाचं पाणी बांध फोडून मिळेल तिकडे जातं, तसाच तो डीसी वायरीतून काट्यात, काट्यातून लोड सेलच्या (वजन ओळखणाऱ्या सेन्सरच्या) केबलीत, तिथून सांगाड्यात, ओल्या फरशीत आणि शेवटी मेन लाइनच्या वायरीतून परत अडॅप्टरमध्ये येतो. दोन्ही वायरींतून एकाच दिशेने वाहणारा हा करंट म्हणजे कॉमन मोड नॉइज. १२ व्होल्टच्या दोन वायरींवर मल्टिमीटर किंवा स्कोप लावून 'आउटपुट तर स्वच्छ आहे' असं दिसतं, कारण दोन्ही वायरी एकदमच हलत असतात. राउटरला त्याचं काही वाटत नाही. काट्याला वाटतं.

का, ते आकड्यांत बघा. लोड सेलचं आउटपुट बहुतेक दर व्होल्टला २ मिलिव्होल्ट असतं. त्याला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट मिळतात. काटा १०० किलोचा आणि १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर दहा हजार भाग झाले, म्हणजे एका भागाला एक मायक्रोव्होल्ट. एवढ्या बारीक सिग्नलच्या केबलीतून तुमचा नॉइज गेला की आतला ॲम्प्लिफायर तो थोडासा रेक्टिफाय करतो आणि त्याचं वजनात रूपांतर होतं. हात डब्याजवळ नेला, कॅन ठेवला, वायर जरा हलवली, की करंटची वाट बदलते आणि आकडाही बदलतो. दूध घालायला आलेल्या माणसाच्या पैशाचा हा प्रश्न आहे, म्हणून त्याला किरकोळ तक्रार समजू नका.

रेडिओचं गणितही याच ठिकाणी आहे. बरेच कंट्रोलर आयसी ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्यामागे कारण आहे. मेन लाइनवरच्या नॉइजची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून मोजायला सुरुवात होते. ६५ ची दुप्पट १३०, म्हणजे पहिले दोन मोठे शेंडे मोजणीच्या बाहेर राहतात. पण पुढचे गुणक (६५ च्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी) थांबत नाहीत. बारावा येतो ७८० वर, आणि आयसीची फ्रीक्वेन्सी दोन टक्के जरी खाली सरकली तरी तो धारवाडच्या ७६५ किलोहर्ट्झवर जाऊन बसतो. कित्येक आयसी तर फ्रीक्वेन्सी मुद्दाम थोडी पुढे-मागे करत राहतात, म्हणजे नॉइज एका जागी साचत नाही आणि मोजणीत आकडा कमी दिसतो. त्यामुळे घरघर एका स्टेशनपुरती न राहता मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर ठिकठिकाणी पसरते.

विकत काही आणण्याआधी करंटची वाट शोधा. त्याला लॅब लागत नाही. काटा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. आकडा स्थिर राहिला तर काटा निर्दोष. मग काटा बॅटरीवरच ठेवून शेजारी तुमचा अडॅप्टर मेनला लावा आणि त्याच्या आउटपुटला १२ व्होल्टचा बल्ब जोडा, म्हणजे त्याच्यावर लोड येईल. आता आकडा शांत असेल तर नॉइज डीसी वायरीतून जात होता. आताही नाचत असेल तर तो हवेतून किंवा जमिनीतून येतोय. मग एक साधा बॅटरीवरचा एएम रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा, आणि आधी मेनच्या वायरीच्या, मग डीसी वायरीच्या कडेकडेने न्या. हातभर लांबूनही घरघर तेवढीच ऐकू येत असेल, तर तुमची वायर अँटेनाचं काम करतेय आणि नॉइज कॉमन मोडचा आहे. फक्त डब्याला टेकवल्यावरच आवाज येत असेल तर डब्याच्या आतलं लूप मोठं आहे. एक मात्र पाळा: काट्यावर वैध मापन खात्याचं सील असतं, ते तोडून आत काही जोडायला जाऊ नका. दुरुस्ती अडॅप्टरमध्येच करायची.

आता अडॅप्टर उघडा. मेनला लावून नंतर काढला असेल तर मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मल्टिमीटरने खात्री करा, मगच हात घाला. फ्यूजनंतर चार पायांची एक कॉइल असायला हवी, तो कॉमन मोड चोक. स्वस्तातल्या तयार बोर्डांवर पीसीबीवर त्याची जागा छापलेली असते आणि तिथे दोन जंपर वायरी सोल्डर केलेल्या असतात. बाजूला 'सीएक्स' (मेनच्या दोन वायरींमधला एक्स कपॅसिटर) छापलेलं असतं आणि तिथे रिकामी भोकं दिसतात. ट्रान्सफॉर्मरच्या खालून एक निळा किंवा पिवळसर चकतीसारखा कपॅसिटर प्रायमरीकडून सेकंडरीकडे गेलेला असायला हवा, तो वाय कपॅसिटर. बहुतेकदा तोही नसतो, किंवा त्याच्या जागी १ किलोव्होल्टची साधी सिरॅमिक चकती असते. मूळ डिझाइन करणाऱ्याने विचार केलेला असतो, मधल्या कुणीतरी पैसे वाचवलेले असतात. तुमचा बोर्ड असा निघाला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मी कामाला लागतो तेव्हा उगमापासून सुरुवात करतो, कारण तिथे केलेलं काम सगळ्यात स्वस्त पडतं. ड्रेनचा तांब्याचा पट्टा थंडाव्यासाठी मोठा ठेवायचा मोह होतो, पण तोच सगळीकडे करंट फेकतो, म्हणून तो लहान ठेवायचा. हीटसिंक असेल तर ती लोंबकळती न ठेवता प्रायमरीच्या शांत बाजूला बांधायची. सेकंडरीच्या डायोडवर रेझिस्टर-कपॅसिटरचा छोटा स्नबर, म्हणजे व्होल्टेजची उसळी शोषणारी जोडी. मॉसफेटच्या गेटचा रेझिस्टर थोडा वाढवला की चढ-उतार मंदावतो, मात्र मॉसफेट जास्त तापतो, तेव्हा तासभर पूर्ण लोडवर चालवून तापमान बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर तुम्ही कुणाकडून वाइंड करून घेत असाल तर त्याला प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये एक शील्ड वाइंडिंग घालायला सांगा, जिचं एक टोक प्रायमरीच्या शांत बाजूला जोडायचं आणि दुसरं मोकळं, नीट इन्सुलेट करून ठेवायचं. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

त्यानंतर वाय कपॅसिटर, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. वाय कपॅसिटर त्या भटक्या करंटला घरी जायची जवळची वाट देतो, म्हणून काट्यासाठी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. पण तो मेन लाइन आणि माणसाचा हात लागणारी १२ व्होल्टची वायर यांच्यामधला पूल आहे. दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये तो शॉर्ट झाला तर काट्याच्या सांगाड्यावर थेट २३० व्होल्ट येतील, आणि तिथे माणूस ओल्या फरशीवर, स्टीलचा कॅन हातात धरून उभा असतो. म्हणून इथे फक्त वाय-१ दर्जाचा, सुरक्षा प्रमाणनाच्या खुणा अंगावर छापलेला कपॅसिटर. तो बिघडला तरी शॉर्ट न होता ओपन व्हावा, अशाच हिशोबाने बनवलेला आणि तपासलेला असतो. साधी १ किलोव्होल्टची चकती इथे लावणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे. हे मी मनापासून सांगतोय.

किती मूल्याचा, हेही ठरलेलं आहे. २.२ नॅनोफॅरडमधून ५० हर्ट्झला साधारण ०.१६ मिलिअँपिअर गळतो. अर्थिंग नसलेल्या अशा उपकरणांना आयएस १३२५२ या भारतीय सुरक्षा मानकातली स्पर्श करंटची (हात लागल्यावर अंगातून जाणाऱ्या करंटची) मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे. नॉइज अजून कमी व्हावा म्हणून ४.७ नॅनोफॅरड लावलात तर गळती ०.३४ वर जाते आणि तुम्ही सुरक्षेच्या टेस्टमध्ये नापास. टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात, त्या बहुतेकदा अशाच गळतीच्या. म्हणजे वाय कपॅसिटर एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही, आणि उरलेलं काम ट्रान्सफॉर्मरच्या शील्डने आणि मेनच्या फिल्टरने करावं लागतं. नॉइज आणि सुरक्षा एकत्र सोडवायची, असं सुरुवातीला म्हणालो ते याचसाठी.

मेनचा फिल्टर त्या मानाने सोपा. १० ते २० मिलिहेन्रीचा कॉमन मोड चोक आणि ०.१ किंवा ०.२२ मायक्रोफॅरडचा एक्स-२ दर्जाचा कपॅसिटर. ०.१ च्या वर गेलात तर त्याला समांतर डिस्चार्ज रेझिस्टर घाला, नाहीतर प्लग काढल्यावर पिनांना हात लागला की झटका बसतो.

आता फेराइट. वायरीवर चिमटीसारखे बसणारे फेराइट बहुतेक निकेल-झिंकचे असतात आणि त्यांचा जोर काही मेगाहर्ट्झच्या पुढे, खरा तर दहा-वीस मेगाहर्ट्झनंतर दिसतो. ७६५ किलोहर्ट्झला त्यांचा अडथळा नगण्य. त्यामुळे धारवाडची घरघर जाणार नाही. पण दीड मीटरची डीसी वायर ५० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव तरंगलांबीची होते, म्हणजे उत्तम अँटेना. तिथे फेराइट कामाचा. एकाच फेराइटमधून वायर तीनदा ओवली तर इंडक्टन्स नऊपट होतो, तेव्हा तीन फेराइट ओळीने लावण्यापेक्षा एकातून तीन वेढे बरे. पण तो शेवटचा हात, पहिला नव्हे.

इथवरचं गोळा करायचं तर क्रम असा: वाट शोधा, उगम शांत करा, शील्ड, वाय-१, मेन फिल्टर, आणि मग गरज उरली तर फेराइट. प्रत्येक पायरीनंतर तोच काटा आणि तोच रेडिओ पुन्हा लावून बघायचा. एकदम सगळं बदललंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

आता कायद्याकडे. भारतात अडॅप्टर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत येतात. २०१२ च्या आदेशापासून ही योजना सुरू झाली. आयटी उपकरणांच्या अडॅप्टरला आयएस १३२५२ (भाग १), ऑडिओ-व्हिडिओच्या अडॅप्टरला आयएस ६१६, आणि या दोन्हींची जागा आता आयएस/आयईसी ६२३६८-१ घेत आहे. तुम्ही माल कशासाठी म्हणून विकता त्यावर कोणतं मानक ते ठरतं, म्हणून अर्जाच्या वेळी काय लागू आहे ते मान्यताप्राप्त लॅबकडून लेखी घ्या. या योजनेतली टेस्ट सुरक्षेची आहे: ३००० व्होल्टची इन्सुलेशन टेस्ट, गळती, तापमान, बिघाड झाल्यावर आग लागते का, असं सगळं. नॉइज त्यात मोजत नाहीत. म्हणून बीआयएस नंबर असलेला अडॅप्टरही काट्याला त्रास देऊ शकतो, आणि नॉइज नसलेला अडॅप्टरही बेकायदा असू शकतो. नोंदणी कारखान्याच्या पत्त्याला आणि ब्रँडला बांधलेली असते. डीलरला त्याच्या नावाने माल हवा असेल तर तो ब्रँड नोंदणीत असायला हवा. कायदा केंद्राचा असल्याने बेळगाव आणि कोल्हापूर यात काही फरक पडत नाही. टेस्ट रिपोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर, वाय कपॅसिटर, फ्यूज अशा भागांची मेक-मॉडेलसकट यादी जाते. नंतर त्यातलं काही बदललंत तर पुन्हा लॅबकडे जावं लागतं. डिझाइन आधी पक्कं करा म्हणतो ते यामुळे.

सीई हा युरोपच्या बाजारातला विषय आहे. तिथे उत्पादक स्वतः लिहून देतो की माल लो व्होल्टेज, ईएमसी (नॉइज) आणि घातक पदार्थांच्या नियमांत बसतो, आणि त्याला आधार म्हणून टेस्ट रिपोर्टसकट तांत्रिक फाइल दहा वर्षं सांभाळतो. टेस्ट न करता मारलेला शिक्का म्हणजे खोटं लिहून देणं. उद्या खरंच निर्यात करायची असेल तर हा खर्च जरूर करा, आता कोल्हापूरसाठी नको. आणि पुढे अडॅप्टरमध्येच वायफाय किंवा ब्लूटूथ घालायचा विचार असेल, तर डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए मान्यता हा वेगळा विषय सुरू होतो. तेव्हा तयार मान्यता असलेलं मॉड्यूलच घ्या.

सक्ती नसली तरी नॉइज एकदा मोजून घ्या, असं माझं मत आहे, कारण तुमचं गिऱ्हाईक काटेवाले आहेत. सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय नॉइज मानकाची घरगुती वापराची, म्हणजे क्लास बीची मर्यादा समोर ठेवा. मेनच्या वायरीवर ०.५ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये सरासरी ४६ डीबी मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण २०० मायक्रोव्होल्ट. ही मोजणी लिस्न नावाच्या डब्यातून (तो मेन आणि अडॅप्टरच्या मध्ये बसतो) स्पेक्ट्रम ॲनालायझरने, म्हणजे फ्रीक्वेन्सीनुसार नॉइज दाखवणाऱ्या यंत्राने करतात. बेळगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी कुठे ॲनालायझर मिळतो का ते विचारा, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला हा चांगला विषय आहे. लिस्न आधी अर्थला बांधा, मगच मेनला लावा. त्यातून बराच करंट अर्थला जातो, त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईल, आणि अर्थ सुटला तर डब्यावर धोकादायक व्होल्टेज येईल. अधिकृत मोजणीला पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागेल. जाण्याआधी त्या लॅबच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या यादीत तुमचं मानक आहे का ते बघा. सोबत तीन-चार सॅम्पल, लोडचे रेझिस्टर, वेगवेगळ्या मूल्यांचे चोक आणि कपॅसिटर, आणि सोल्डरिंग गन न्या. लॅबचे पैसे तासावर असतात. तिथेच भाग बदलून पुन्हा मोजता आलं तर दुसरी फेरी वाचते.

डीलरला सध्या एवढंच कळवा: 'सीई युरोपसाठी असतो. आम्ही बीआयएस नोंदणी करतोय, नंबर आला की डब्यावर आणि बिलावर येईल, तोवर माल पाठवत नाही.' हे पटवून सांगा, शहाणा डीलर ऐकतो, कारण नोंदणी नसलेला माल विकताना पकडला तर तोही अडकतो. आणि इथे खाली बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, ट्रान्सफॉर्मरच्या खालचा भाग नीट दिसेल असे, शिवाय बॅटरी आणि बल्बच्या चाचणीत काय दिसलं तेही लिहा. त्यावरून चोक किती मिलिहेन्रीचा घ्यायचा आणि शील्डला जागा आहे का, ते सांगतो.